स्त्री अभ्यासात एम.ए. झालं, आता नाशिकमध्ये काम कुठे शोधायचं?

दरवर्षी निकाल लागले की मला पाच-सहा फोन येतात. "ताई, जेंडर स्टडीजमध्ये एम.ए. झालं. आता पुढे काय करू?" आणि बहुतेक वेळा मागून आईचा आवाज येतो, "आधी पगार किती असतो ते विचार." माझ्या आईनेही तेच विचारलं होतं. तो प्रश्न योग्यच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी निफाड तालुक्यातली. आई द्राक्षबागेत मजुरीला जायची. डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, आणि हंगाम आला की माल भरायला पॅकहाऊस. बी.ए. मी नाशिकला केलं आणि एम.ए. पुण्याला, विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात. २०१३ मध्ये परत आले तेव्हा एका संस्थेत समुपदेशक म्हणून लागले. मानधन महिना ८,५०० रुपये, करार अकरा महिन्यांचा. त्यातले तीन महिने पैसेच आले नाहीत. "प्रोजेक्टचा हप्ता अडकलाय" एवढंच सांगायचे. पंचवटीतल्या खोलीचं भाडं मी मैत्रिणीकडून उसने घेऊन भरलं. आज घराचा हप्ता मी भरते आणि आईने मजुरी सोडून बरीच वर्षं झाली. मधल्या काळात जे कळलं, ते पुढे लिहिते आहे.

पहिली गोष्ट म्हणजे "स्त्री अभ्यास पदवीधर पाहिजे" अशी जाहिरात तुम्हाला जवळजवळ कधीच दिसणार नाही. मी सहा महिने तीच शोधत बसले होते. काम भरपूर आहे, पण त्याची नावं वेगळी आहेत. केस वर्कर, समुपदेशक, प्रभाग समन्वयक, प्रवीण प्रशिक्षक, सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक खर्च) अधिकारी, एम अँड ई (देखरेख आणि मूल्यमापन) असोसिएट, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा संरक्षण अधिकारी, प्रकल्प समन्वयक. ही नावं वहीत लिहून ठेवा आणि शोधताना हीच टाका. डेव्हनेट, एनजीओबॉक्स, लिंक्डइन या संकेतस्थळांवर "नाशिक" लिहून महिन्यातून दोनदा बघायचं. सरकारी कंत्राटी पदांच्या जाहिराती जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आणि स्थानिक वर्तमानपत्रात छोट्या अक्षरांत येतात आणि मुदत कमी असते.

पात्रतेची अट नीट वाचा. पुष्कळ ठिकाणी "समाजकार्य, मानसशास्त्र, समाजशास्त्र, कायदा किंवा तत्सम" असं असतं. त्या "तत्सम" शब्दात आपण बसतो की नाही, हे घरी बसून ठरवू नका. कार्यालयात फोन करा आणि तुमचा अभ्यासक्रम, म्हणजे विषयांची छापील यादी, अर्जाला जोडा. दोन ठिकाणी माझा अर्ज त्या यादीमुळेच पुढे गेला.

आपण काय शिकलो, हे सांगता यायला हवं

पहिल्या मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी माझा अर्ज हातात धरून विचारलं, "हा तुमचा निबंध कॅलिफोर्नियातल्या लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, कामगार बायकांवर आहे. निफाडला त्याचा उपयोग काय?"

मी सांगितलं, तीही द्राक्षाचीच गोष्ट आहे. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानो भागात द्राक्ष तोडणाऱ्या फिलिपिनो मजुरांनी संप केला आणि आठवडाभरात मेक्सिकन वंशाचे मजूर त्यांना येऊन मिळाले. त्यांची संघटना सेझार चावेझ यांच्यासोबत उभी करणाऱ्या डोलोरेस वेर्ता आधी शाळेत शिकवायच्या. वर्गात उपाशी, अनवाणी येणारी मुलं मजुरांची आहेत हे पाहून त्यांनी नोकरी सोडली आणि मुलांच्या आईबापांना संघटित करायला घेतलं. द्राक्षावरचा बहिष्कार त्यांनी शहराशहरांत नेला, आणि मळेमालकांशी करार करायलाही त्याच बसल्या. १९७० मध्ये करार झाले. "सी, से पुएदे" म्हणजे "हो, जमतं" ही घोषणा १९७२ ची, आणि तीही त्यांचीच.

हे वाचलं तेव्हा मला आईच्या बागेतले गडी-बायका दिसले. फवारणी करणाऱ्या गड्याला एक रोज, घडात बोटं घालून दिवसभर मणी काढणाऱ्या बाईला त्याहून कमी. मी त्या गृहस्थांना म्हणाले, "सर, या निबंधामुळे मी तीन प्रश्न विचारायला शिकले. काम कोण करतं, ते मोजतं कोण, आणि पैसा शेवटी कुणाच्या हातात पडतो. तुमच्या प्रकल्पातल्या बाईला हेच विचारायला तुम्हाला माणूस हवाय." नोकरी मिळाली.

तुम्हीही हे करा. तुमच्या पदवीतून तुम्ही कोणते प्रश्न विचारायला शिकलात, ते चार साध्या मराठी वाक्यांत लिहा. "पितृसत्ता", "छेदबिंदू", "अभिकर्तृत्व" हे शब्द न वापरता. हे शब्द मला प्रिय आहेत, त्यांनी मला माझं घर समजावून सांगितलं. पण मुलाखत घेणाऱ्याला आणि पेठ तालुक्यातल्या बाईला दोघांनाही उदाहरण लागतं.

सरकारी आणि सरकारच्या जवळची कामं

इथे पगार फार नाही, पण शिकायला याहून चांगली जागा नाही.

सखी वन स्टॉप सेंटर ही योजना २०१५ पासून आहे. मारहाण झालेली, घरातून काढलेली, अत्याचार झालेली बाई तिथे आली की वैद्यकीय मदत, पोलीस, वकील, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा एका छताखाली मिळावा, हा हेतू. तिथे केंद्र प्रशासक, केस वर्कर, समुपदेशक अशी पदं असतात. १८१ ही महिला हेल्पलाइन याच साखळीतली. पोलिसांबरोबर बसून काम करायचं असेल, तर महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने तो १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केला आणि पुढे तो राज्यातल्या जिल्ह्यांत गेला. तिथे बहुधा समाजकार्याची पदवी मागतात.

या कामाला जायच्या आधी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ मुळातून वाचा. तुमच्या एम.ए.त तो एक प्रकरण म्हणून आला असेल, इथे तो रोज हाताशी लागतो. डीआयआर, म्हणजे घटनेचा अहवाल, कसा भरायचा ते शिका. कलम १८ संरक्षणाचं, १९ राहत्या घराचं, २० पैशाचं, २१ मुलांच्या ताब्याचं, एवढं तोंडपाठ असू द्या. मी पहिल्या महिन्यात एक डीआयआर असा लिहिला होता, "पतीकडून सातत्याने मानसिक छळ." आमच्या वरिष्ठ बाईंनी तो परत दिला. म्हणाल्या, "तारीख कुठंय? काय बोलला ते शब्द कुठायत? घरात कोण होतं?" मी त्या तक्रारदार बाईकडे पुन्हा गेले, दोन तास बसले, आणि मग लिहिलं की अमुक दिवशी रात्री जेवताना ताट फेकलं, अमुक शब्द बोलला, सासू दारात उभी होती. न्यायालयात त्या कागदाला वजन आलं. लिहिण्याची ही शिस्त मला पुढच्या प्रत्येक कामात उपयोगी पडली. म्हणून मी सगळ्यांना सांगते, पहिली दोन वर्षं अशा ठिकाणी काढा, जिथे समोर बाई बसते आणि तुम्हाला तिचं ऐकून कागद करावा लागतो.

गावपातळीवर दोन मोठी ठिकाणं आहेत. माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, १९७५ मध्ये स्थापन झालेलं, आणि उमेद, म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान. बचत गट, गावातल्या गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ हे इथले शब्द. समन्वयकाच्या पदाला मोटारसायकल किंवा स्कूटी चालवता येणं हीसुद्धा जवळजवळ अटच समजा. मी गाडी पंचविसाव्या वर्षी, गोल्फ क्लबच्या मैदानाजवळ पहाटे शिकले. तुम्ही आत्ताच शिका.

ग्रामपंचायतींचं प्रशिक्षण हाही चांगला रस्ता आहे. २०११ पासून राज्यातल्या स्थानिक संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे, म्हणजे दर निवडणुकीनंतर शेकडो नव्या सदस्या येतात. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, हे त्यातल्या अनेकींना कुणी सांगितलेलंच नसतं. तो हिशेब समजावून सांगणारी व्यक्ती म्हणजे प्रवीण प्रशिक्षक. एका सरपंचताईंनी प्रशिक्षणानंतर ग्रामसेवकाकडे हिशेबाची वही मागितली आणि त्या वर्षी शाळेत मुलींची स्वच्छतागृहं दुरुस्त झाली. त्यांनी मला फोटो पाठवला, तो अजून माझ्याकडे आहे.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर पट्ट्यात वनहक्काचं, म्हणजे आदिवासी कसतात त्या वनजमिनीवरच्या हक्काचं, काम चालतं. हीच मागणी घेऊन ६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस चौकातून निघून १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर पोचलेला शेतकऱ्यांचा मोर्चा आठवा. पायांना फोड आलेल्या कितीतरी आदिवासी बाया त्यात होत्या. वनहक्क कायदा सांगतो की जोडपं असेल तर हक्काचा दाखला दोघांच्या नावावर हवा. गावोगाव जाऊन बाईचं नाव कागदावर खरंच आलंय का, हे तपासणं पूर्णपणे आपल्या विषयाचं काम आहे. कोकणा बोलीतली शंभर वाक्यं शिकलात तर तिथे तुम्हाला कुणी परकं मानणार नाही.

एमपीएससीची तयारी करत असाल तर बाल विकास प्रकल्प अधिकारी हे पद नजरेत ठेवा. फक्त परीक्षेच्या नादात चार-चार वर्षं नुसती अभ्यासिकेत घालवू नका. अर्धवेळ काम करत तयारी करा, असं मी माझ्या धाकट्या बहिणीलाही सांगितलं.

पॉश: नाशिकमध्ये सगळ्यात कमी ओळखलेलं काम

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा, त्यालाच पॉश म्हणतात. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरची. ती बाहेरची सदस्य स्वयंसेवी संस्थेतली किंवा या विषयाची जाणकार असावी लागते. आता सातपूर, अंबड, सिन्नर इथले कारखाने मोजा. त्यात रुग्णालयं, शाळा, हॉटेलं, वायनरी, दिंडोरी-पिंपळगावची पॅकहाऊसं मिळवा. प्रत्येक ठिकाणी अशी एक बाहेरची सदस्य लागते, आणि वर्षातून प्रशिक्षण घ्यायला कुणीतरी लागतं.

या कामाला कसं लागायचं? आधी दोन-तीन वर्षांचा समुपदेशनाचा किंवा संस्थेतला अनुभव घ्या, नुसत्या पदवीवर कुणी बोलावत नाही. मग कायदा आणि त्याचे नियम कलमासकट वाचा. तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत करायची, समितीला योग्य वाटलं तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी ९० दिवसांत संपवायची. समितीच नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. कंत्राटी कामगार, शिकाऊ, रोजंदारीची बाई, सगळ्या या कायद्यात येतात, आणि नेमकं हेच कारखान्यात माहीत नसतं. "ती आमची नाही, ठेकेदाराची आहे," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की कलमाची छापील प्रत पिशवीतच ठेवते.

नियमांत बाहेरच्या सदस्याला दिवसाला २०० रुपये भत्ता आणि प्रवासखर्च लिहिलाय. कंपनी त्याहून जास्त देऊ शकते, ते आधी पत्रावर ठरवून घ्या. मला पहिल्या बैठकीचे १,५०० मिळाले. प्रशिक्षणाचे पैसे वेगळे मागा. लाजू नका. आपल्याकडे बाईच्या कामाला "सेवा" म्हणून फुकटात काढायची सवय आहे, आणि ती सवय मोडायचं शिक्षण आपण घेतलंय.

पॅकहाऊसची प्रशिक्षणं डिसेंबरातच ठरवा. जानेवारीत माल सुरू झाला की एप्रिलपर्यंत तिथे कुणाला श्वास घ्यायला वेळ नसतो. प्रशिक्षण कँटीनमध्ये, जेवणाच्या सुट्टीला लागून घ्या आणि सुपरवायझर पुरुषांना वेगळ्या गटात बसवा. स्लाइड फार नेऊ नका. मी पाच प्रसंग सांगते आणि "हा छळ आहे का?" असं विचारते. पाठीवर थाप, रात्रीचा मेसेज, टोळीत चढवण्यासाठी मुकादमाची अट, असे. एकदा असंच बोलताना मागच्या रांगेतली एक बाई उठली आणि म्हणाली, "आमच्या शेतावर तर दहा माणसंच नसतात, मंग आमी कुठं जायाचं?" तेव्हा मी तिला स्थानिक समितीबद्दल सांगितलं. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची ही समिती ऐकते. गिरणारेच्या मजूर बाजारात सकाळी उभ्या राहणाऱ्या बायांपर्यंत ही माहिती पोचवणं अजून बाकी आहे. कुणाला हे काम उचलायचं असेल तर माझी सगळी टिपणं मी देईन.

बाकीचे रस्ते

सीएसआर: कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात आणि स्त्री-पुरुष समानता त्या यादीत आहे. इथला पगार संस्थांपेक्षा चांगला असतो. इंग्रजी अहवाल आणि एक्सेल यावं लागतं.

संशोधन आणि मूल्यमापन: सर्वेक्षण आखणं, मोबाइलवर चालणाऱ्या कोबोसारख्या साधनावर माहिती गोळा करणं, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून जिल्ह्याचे आकडे काढणं. ज्या मुलींना गणिताची भीती आहे त्यांना मी मुद्दाम इकडे ढकलते. मलाही होती. आकडे आले की बैठकीत तुमचं बोलणं कुणी मध्येच तोडत नाही.

शिकवणं: नेट, म्हणजे महाविद्यालयात शिकवण्यासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, स्त्री अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे, त्याचा क्रमांक ७४. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पीएचडीची काही वर्षं पैशाची काळजी नाही. पण नाशिकच्या महाविद्यालयात याच विषयाची कायम जागा निघेल म्हणून थांबू नका. समाजशास्त्र, राज्यशास्त्र किंवा मराठीतली पहिली एम.ए. असेल तर त्या विषयाची नेट-सेटही द्या.

कायदा: मला पुन्हा वय मिळालं तर मी हेच करीन. सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएल.बी. नाशिकमध्येच करता येतं. इथल्या न्यायालयांत कौटुंबिक खटले लढणारी, बाईचं म्हणणं समजणारी वकील किती हवी आहे, हे मी रोज बघते. समाजकार्याची पदवीही इथे मराठा विद्या प्रसारकच्या महाविद्यालयात आहे, आणि मुक्त विद्यापीठ तर गोवर्धनलाच आहे, नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर.

भाषांतर: संस्थांची पुस्तिका, प्रशिक्षणाचं साहित्य, कायद्याची माहितीपत्रकं. ओघवतं मराठी लिहिणाऱ्यांची वानवा आहे. नमुना म्हणून दोन पानं तयार ठेवा.

लॅटिना अभ्यासच करायचा असेल तर

गेल्या वर्षी गंगापूर रोडची एक मुलगी आली होती. डोलोरेस वेर्तांबद्दल माझ्याकडून ऐकून तिला अमेरिकेत जाऊन हाच विषय शिकायचा होता. मी तिला जे सांगितलं ते असं. तिकडे हे विभाग चळवळीतून उभे राहिले. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात १९७० मध्ये स्त्री अभ्यास सुरू झाला, चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांचा, अभ्यासही त्याच सुमारास. तिथली पदवीधर मुलं स्थलांतरितांच्या कायदेशीर मदत केंद्रांत, कामगार संघटनांत, शाळांत, रुग्णालयांत दुभाषी म्हणून कामाला लागतात. त्यातलं जवळजवळ प्रत्येक काम स्पॅनिशवर चालतं. म्हणून आधी स्पॅनिश. डेले या स्पॅनिशच्या परीक्षा ए१ पासून सी२ पर्यंत असतात, निदान बी२ गाठ, मग अर्ज कर. आणि निबंधात कॅलिफोर्नियाबद्दल लिहू नकोस, ते त्यांना माहीत आहे. पेठहून टोळीने येणाऱ्या बाईबद्दल लिही. हंगामी स्थलांतर, मुकादम, शाळा सुटलेली मुलं, बाईचा रोज नवऱ्याच्या हातात जाणं, यातलं काय सारखं आहे आणि जातीमुळे इथे काय वेगळं आहे, ते लिही. "दलित स्त्रिया वेगळं बोलतात" हे गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये मांडलं आणि पुण्याच्या स्त्रीवादी समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये त्यावर चिकित्सा करून ते पुढे नेलं, त्यावर उभी राहून तू बोलू शकतेस. ती आता स्पॅनिशच्या दुसऱ्या पातळीवर आहे. सकाळी शिकवण्या घेते आणि दुपारी आमच्या केंद्रात रजिस्टर लिहायला बसते.

रुजू होण्याआधी

करार मागून घ्या, कितीही छोटी संस्था असो. त्यात पगाराची तारीख, प्रवासखर्च आणि सुट्टी लिहिलेली हवी. प्रोजेक्ट कधी संपतो ते पहिल्याच दिवशी विचारा आणि संपायच्या चार महिने आधी पुढचं शोधायला लागा. तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत कुणाला उधार देऊ नका.

दर आठवड्याला एक तास कुणाशी तरी बोला. मी सुरुवातीला रोज ऐकलेलं घरी घेऊन जायचे. एका जळालेल्या मुलीचा जबाब नोंदवला त्या रात्री मी जेवू शकले नाही, आणि पुढे महिनाभर स्वयंपाकघरात गॅस पेटवताना हात थरथरायचा. आमच्या वरिष्ठ बाईंनी ओळखलं, आणि तेव्हापासून शनिवारी चार वाजता आम्ही सगळ्या दार लावून बसतो. तुमच्या संस्थेत असं काही नसेल तर दोन मैत्रिणी मिळून सुरू करा.

पिशवीत एवढं ठेवा: कायद्यांच्या मराठी प्रती, कोरी वही, दोन पेनं, पाण्याची बाटली, पोलीस ठाण्यांचे आणि सखी केंद्राचे नंबर कागदावर लिहिलेले, कारण सुरगाण्याच्या बाजूला रेंज जाते. आणि एक छोटा रुमाल जास्तीचा. समोर बसलेल्या बाईला तो लागतो.